मेलेला लॅपटॉप गरम कसा?

१

लॅपटॉप मेला आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो मारलं कुणी याचा. त्यातही गंमत अशी, की एक जण सोडून बाकी सगळे तो गुन्हा स्वतःच्याच गळ्यात अडकवून घ्यायला टपलेले होते.

पहिली कबुली हॅलोताईंना जिन्यातच मिळाली. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून शेजारचे मास्तर, म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, त्यांचीच वाट बघत उभे होते.

"दुरुस्तीवाल्या ना तुम्ही? मग आधी माझं ऐका. रविवारी संध्याकाळी चित्र टांगायला म्हणून मी भिंतीला ड्रिल लावलं. दिवे दोनदा मिचमिचले. आणि आत्यांचा लॅपटॉप नेमका त्याच रात्री गेला. दोन दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"हॅलो मास्तर," हॅलोताई म्हणाल्या. "मी अजून काहीच बघितलेलं नाही. बघते, मग सांगते."

समोर माणूस उभा असला तरी त्या बोलायला सुरुवात 'हॅलो'ने करायच्या. बावीस वर्षं त्यांनी एका मदतकेंद्रात कानाला फोन लावून काढली होती. पलीकडचा माणूस घाबरलेला, यंत्र त्याच्या घरात, आणि दुरुस्त करायचं ते न बघता, नुसतं विचारून विचारून. नोकरी सोडून त्या घरोघरी जाऊन दुरुस्त्या करायला लागल्या तरी सवय काही गेली नाही. खरं नाव लोक केव्हाच विसरले होते.

त्या बावीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. माणसं काय दिसलं ते सांगत नाहीत, काय झालं ते सांगतात. 'पडदा काळा आहे' असं कुणी म्हणत नाही, 'यंत्र बंद पडलंय' म्हणतात. निम्मे बिघाड या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत लपून बसलेले असतात, असं हॅलोताईंचं मत होतं, आणि त्या मताच्या जोरावर त्या कितीतरी बड्या मेकॅनिकांची तोंडं बंद करून बसल्या होत्या.

आत्यांच्या दारात एक ट्रंक, दोन खोकी आणि गुंडाळलेली गादी ठेवलेली दिसली. घर सोडून चाललेल्या माणसाचं सामान ओळखू येतं, ते फार नीट बांधलेलं असतं.

"चार वाजता टेम्पो येतोय," दार उघडणारे गृहस्थ म्हणाले. "तुम्हाला उगाच त्रास दिला बहिणीने. काल दुकानात दाखवून आणलाय मी. बोर्ड गेलाय."

हे आत्यांचे थोरले भाऊ, रविवारपासून बहिणीकडेच मुक्कामाला होते. सगळे त्यांना दादा म्हणत. आयुष्यभर सरकारी जमिनी मोजल्या, त्यामुळे बोलणंही फूटपट्टीने आखल्यासारखं. घड्याळात अकरा वाजले होते.

२

आत्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. वय एकसष्ट, जन्मापासून दृष्टी नाही, आणि हात इतके शांत की टेबलावरचा लॅपटॉप झोपलेल्या बाळासारखा वाटावा. लोकांच्या मुलाखती, सभा, व्याख्यानं यांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करून द्यायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावर, पायाच्या पेडलने थांबवत थांबवत ऐकायचं आणि टाइप लॅपटॉपवर करायचं. लॅपटॉप प्रत्येक अक्षर त्यांना एका बाईच्या भरधाव आवाजात मोठ्याने वाचून दाखवायचा.

"बसा हॅलोताई. तुमच्याकडे पाच तास आहेत. त्यात झालं नाही तर मी चालले दादाकडे."

"एवढं काय त्यात? दुसरा लॅपटॉप येईल की."

"लॅपटॉपचा प्रश्न नाही. शब्दाचा आहे." आत्या सरळ सांगू लागल्या. "मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले, मनगट मोडलं. तेव्हापासून दादाच्या जिवाला घोर. एकटी राहू नकोस म्हणून मागे लागला. शेवटी मीच त्याला शब्द दिला, की ज्या दिवशी माझं काम मला एकटीने निभावता येणार नाही, त्या दिवशी मी मुकाट्याने तुझ्या घरी येईन. काल दुकानातून आल्यावर त्याने आठवण करून दिली. बरोबरच आहे त्याचं. मला यंत्र चालू आहे की बंद तेही सांगता येईना."

त्यांचा आवाज कुठेही थरथरला नाही. पण उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर, रंग उडालेल्या एका जागेवरून फिरत होती. तीस वर्षं तिथे मनगट टेकलं होतं.

"काय झालं ते सांगू नका," त्या म्हणाल्या. "काय ऐकलंत तेवढंच सांगा."

"रविवारी रात्री ती वाचणारी म्हणाली, अपडेट तयार आहे, पुन्हा सुरू करू का. महिनाभर टाळत होते. त्या दिवशी मन प्रसन्न होतं, दाबलं एंटर. मग म्हणाली, अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. मी झोपायला गेले. सोमवारी सकाळी बटण दाबलं तर चिडीचूप. म्हणजे मारलं असेल तर मीच. मास्तरांच्या ड्रिलला विनाकारण दोष."

"आवाजाची बटणं?"

"दहादा दाबली. आणि हेडफोनचं भोक दोन वर्षांपासून निकामी आहे, ते विचारू नका. पण एक सांगू का? तो मेलेला नाही."

"चिमणे, पुन्हा तेच?" मागून दादा म्हणाले. साठी उलटलेल्या बहिणीला ते अजून चिमणीच म्हणत. "दुकानदाराने डोळ्यांनी बघून सांगितलंय."

"बटण दाबलं की थोड्या वेळाने तो गरम होतो. मेलेला लॅपटॉप गरम कसा होईल?"

दादांनी हॅलोताईंकडे बघून मान हलवली, म्हातारीचे हट्ट असं म्हणावं तशी. हॅलोताईंनी मात्र हात लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवला. चार्जर लावला, बटण दाबलं आणि गप्प बसून राहिल्या. पडदा काळा ठिक्कर. दोन मिनिटांनी तळहाताला ऊब लागली आणि आतल्या पंख्याची अगदी बारीक घरघर ऐकू आली.

मग त्यांनी कॅप्स लॉकची कळ दाबली. कळीवरचा मोहरीएवढा दिवा लागला. पुन्हा दाबली. दिवा विझला.

"आत्या, तुमचं खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आत कुणीतरी आहे आणि ते आपलं ऐकतंय."

खात्री करायला त्यांनी तीच कळ आणखी दोनदा दाबली. तेवढ्यात मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. वळून बघतात तो दादांच्या हातातला पाण्याचा पेला फरशीवर, आणि दादा एका हाताने कान घट्ट दाबून भिंतीला टेकलेले.

३

"घाम फुटलाय तुम्हाला," स्वयंपाकघरात हॅलोताई म्हणाल्या. काचा गोळा करायच्या निमित्ताने त्या दादांच्या मागोमाग आत आल्या होत्या.

"उकडतंय. दुसरं काही नाही." दादांनी कानातून श्रवणयंत्र काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत घातलं. नवं कोरं, शेंगदाण्याएवढं. दुसऱ्या कानातही तसलंच होतं.

"नवीन दिसतंय."

"मुलीने घेऊन दिलं. महिना झाला."

"बरं. दुकानात काय झालं काल?"

"बोर्ड गेलाय म्हणाला."

"ते त्याचं मत झालं. काय केलं त्याने? काय दिसलं?"

दादा मोजणीदार माणूस, प्रश्न नेमका आला की उत्तर नेमकं द्यायची सवय. "दुकानात गर्दी होती. त्याने दोनदा बटण दाबलं. पडदा काळा, आवाज नाही. म्हणाला बोर्ड गेला, आतलं काही मिळेल याची खात्री नाही. मीही बघितलं होतं सोमवारी सकाळी. रविवारी माझी मुलगी आली होती, ती बसली होती तेव्हा चांगला उजळलेला होता पडदा. सोमवारी काळा. यात शंकेला जागा कुठे आहे?"

"तुमची बहीण म्हणते तो गरम होतो."

"ती बिचारी आशेवर आहे हो." दादांचा आवाज एकदम उतरला. "मलाही का आनंद होतोय तिचं घर मोडताना? पण आता थांबून चालणार नाही. या आठवड्यात ती माझ्या घरी, सुनेच्या नजरेखाली रांगेला लागली पाहिजे. नंतर जमेल न जमेल."

"नंतर का नाही जमणार?"

दादा खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. लॅपटॉप मेलेलाच राहावा अशी या माणसाची इच्छा दिसते, हॅलोताईंच्या मनात आलं. पण ज्याचं मनासारखं होतंय तो माणूस असा खचलेला का?

दारातून मास्तर डोकावले. काच फुटल्याचा आवाज भिंतीतून त्यांच्याकडे गेला होता. या इमारतीच्या भिंती नावालाच भिंती होत्या.

"काय फुटलं? आणि लॅपटॉप पुन्हा बंद पडला का?"

"पुन्हा म्हणजे?" हॅलोताईंनी विचारलं.

"सकाळी बोलत होता ना! साडेसहाला. मी दाढी करत होतो. ती आत्यांची भरधाव बाई, तीच. बॅटरी संपत आलीय, चार्जर लावा, असं काहीतरी. मला वाटलं झाला दुरुस्त, जीव भांड्यात पडला माझा. मग हे सामान बांधलेलं बघितलं आणि पुन्हा धास्ती."

"शक्य नाही," बाहेरच्या खोलीतून आत्यांचा आवाज आला. "सहाला मी बटण दाबून बघितलं होतं. काही बोलला नाही. दादा फिरायला निघाला, मी तो तसाच ठेवून अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा दादा परत आला होता, लॅपटॉप गप्पच होता."

"मग मला काय भास झाला?"

एरवी एखादा म्हणाला असता, मास्तर, वय झालं तुमचं. पण दादा तीन ढांगांत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी मास्तरांचे दोन्ही दंड धरले.

"मास्तर, खरं सांगा. नक्की ऐकलंत? तुमच्या कानांनी?"

लॅपटॉप मेलेला हवा असणाऱ्या माणसाने तो बोलल्याची साक्ष अशी अधाशासारखी मागावी, हे काही हिशेबात बसेना. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं.

४

हॅलोताई टेबलाशी परत आल्या आणि दादांच्या मुलीला स्पीकरवर फोन लावला. ती दूरच्या गावी नोकरी करत होती, रविवारी दिवसभर इथे येऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली होती. पलीकडे फोन उचलला गेला आणि दुसऱ्या मिनिटाला तिसरी कबुली हजर.

"माझ्यामुळेच झालंय ते! मी त्यात खुडबुड केली. आत्याला सांगा, मी नवीन घेऊन देते."

"हॅलो. आधी रडणं थांबव. काय खुडबुड केलीस ते पहिल्यापासून सांग."

भाचीने नाक पुसत सांगितलं. घरात एक जुनी कॅसेट सापडली होती. लहानपणी दादा आणि आत्यांनी घरातल्या टेपरेकॉर्डरवर खोट्या बातम्या भरल्या होत्या. 'आज स्वयंपाकघरात झालेल्या चकमकीत दोन बशा जागीच ठार', वगैरे. ती तिने लॅपटॉपवर ऐकता येईल अशी करून आणली होती. आत्या ऐकून लोटपोट हसल्या, पण दादांना लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून काही नीट कळेना.

"बाबांचा चेहरा एवढासा झाला. मग मी त्यांची नवी श्रवणयंत्रं ब्लूटूथने लॅपटॉपला जोडली. थेट कानातच ऐकवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. निघताना मी जोडणी तोडली आणि सगळं होतं तसं ठेवलं, शपथ."

"होतं तसं म्हणजे कसं? एकेक गोष्ट सांग."

"बातम्या बंद केल्या. ब्लूटूथवरून बाबांचं यंत्र तोडलं. पडद्याचा उजेड परत शून्यावर नेला."

हॅलोताईंचा हात थबकला. "शून्यावर?"

"आत्याचा पडदा कायम शून्यावरच असतो. मला काही दिसेना म्हणून मी वाढवला होता. तिने निघताना दोनदा बजावलं, माझा उजेड घालवून जा म्हणून."

"हो तर," आत्या म्हणाल्या. "मला काय करायचाय तो उजेड? बॅटरी खातो. शिवाय मी लोकांच्या मुलाखती टाइप करते. येणारा जाणारा मागे उभा राहून वाचतो आणि मला पत्ता नाही. म्हणून घेतल्या दिवसापासून बंद. पण तुम्ही मला पडद्याचं विचारलंच नाहीत!"

आणि हे खरंच होतं. दोन दिवसांत कुणीही आत्यांना म्हटलं नव्हतं की पडदा काळा आहे. सगळे म्हणत होते, बंद आहे. भाचीलाही फोनवर तेवढंच कळलं होतं. काळा म्हटलं असतं, तर दोघींपैकी कुणीही हसून सांगितलं असतं की तो तर नेहमीच काळा असतो.

हॅलोताईंनी पिशवीतून टॉर्च काढला आणि तिरका धरून पडद्यावर मारला. या जुन्या बनावटीत उजेड शून्यावर नेला की पडद्यामागचा दिवाच विझतो, चित्र मात्र तिथेच असतं. काळोखातून पुसट चौकटी वर आल्या, फाइलींची नावं आली. आत्यांचं तीस वर्षांचं काम जिथल्या तिथे होतं.

"मेलेला नाही," मास्तर पुटपुटले. "काळोखात बसलाय नुसता."

"पण मग बोलत का नाही?" आत्यांनी विचारलं. "काळोखाने वाचा जात नाही हो. माझी तर कधी गेली नाही."

५

हॅलोताईंनी उजेड वाढवला. पडदा लख्ख झाला. आवाजाची पातळी बघितली तर पुरेपूर. वाचणारी सुरू होती, थांबलेली नव्हती. म्हणजे ती बोलत होती, दोन दिवस अखंड बोलत होती, आणि खोलीत ऐकू येत नव्हतं. मग हा आवाज जात होता कुठे?

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण होती. ती बघताच हॅलोताईंचा हात तिकडे गेला. एक बोट लावलं असतं तर सगळं मिटलं असतं, टेम्पो येण्याआधी त्या घरी जाऊन जेवल्या असत्या. पण त्यांनी बोट मागे घेतलं. त्या घरात बिघाड एक नव्हता, दोन होते, आणि दुसरा यंत्रात नव्हता.

"दादा, एक काम कराल? माझी स्कूटर फाटकाबाहेर, कोपऱ्यावर लावलीय. डिकीत लाल डबी आहे, तेवढी आणून द्या."

दादा किल्ली घेऊन खाली गेले. जिन्यातली पावलं विरली. फाटक करकरलं. हॅलोताईंनी आत्यांचा हात उचलून कळांवर ठेवला.

"काहीतरी टाइप करा."

"काय टाइप करू?"

"तुमच्या मनात येईल ते."

आत्यांनी कशीबशी दोन बोटं हलवली. आणि लॅपटॉप बोलला. खणखणीत, भरधाव, एकेक अक्षर. खोलीभर तो आवाज घुमला तशा आत्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, परत बसल्या, आणि मग सरळ रडायलाच लागल्या. दोन दिवस दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि तो त्यांना द्यायच्या ऐवजी स्वतःचेच डोळे पुसले.

"तो येऊ दे, तो येऊ दे वर," आत्या म्हणत होत्या. "दादाला ऐकवते."

"ऐकवाल," हॅलोताई म्हणाल्या. "पण ते येतील तेव्हा टाइप करत राहा. थांबू नका."

फाटक करकरलं. पावलं जिना चढू लागली. पहिला मजला. लॅपटॉप वाचत होता. पावलं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली मात्र, आणि आवाज चाकूने कापावा तसा तुटला. आत्यांची बोटं चालत होती, पण खोलीत कळांच्या टकटकीशिवाय काही नव्हतं.

दारात दादा उभे होते. हातात लाल डबी, आणि चेहरा पांढराफटक.

६

"हॅलो दादा," हॅलोताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या फोनवरच्या बावीस वर्षांत हा आवाज त्यांनी फार थोड्या लोकांसाठी राखून ठेवला होता. "काय झालंय ते सांगू नका. आत्ता काय ऐकू येतंय, तेवढंच सांगा."

दादांनी बहिणीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. वाट सापडली नाही तसे ते ट्रंकेवर बसले.

"दा... दा... म्हणतेय," ते म्हणाले. "एक बाई. परत परत. दा, दा, दा."

आत्यांची बोटं थांबली. त्या तेच टाइप करत होत्या.

"सोमवार सकाळपासून ऐकतोय," दादा बोलू लागले, आणि एकदा सुरू झाले ते थांबेचनात. "चिमणीने बटण दाबलं आणि माझ्या कानात बाई बोलायला लागली. काय बोलते कळत नाही, इतकी घाईत. दुकानात गेलो, तिथेही. तो माणूस मला सांगतोय की हा मेलाय, आणि हा मेलेला माझ्या कानात बोलतोय. कुणाला सांगू मी हे? आमच्या बाबांचं शेवटी असंच झालं होतं. रिकाम्या खोलीत उत्तरं द्यायचे. आधी आवाज आले, मग वर्षभरात त्यांनी आम्हाला ओळखणं सोडलं. मला वाटलं, आली माझी पाळी. म्हणून म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे तोवर हिची सोय लावून टाकू."

मग हॅलोताईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे. हे बघा, ही ब्लूटूथची खूण. तुमच्या मुलीने जोडणी तोडली, पण ओळख पुसली नाही. अपडेटनंतर लॅपटॉपने जुनी ओळख आठवून तुमच्या कानांशी पुन्हा गाठ बांधली. तेव्हापासून सगळा आवाज तुमच्या कानात. तुम्ही घरात असलात की लॅपटॉप मुका, तुम्ही लांब गेलात की बोलका. आज सकाळी तुम्ही फिरायला बाहेर पडलात, आत्या अंघोळीला, म्हणून तो बोलला आणि ऐकायला फक्त मास्तर होते. आणि मघाशी मी कॅप्स लॉक दाबत होते तेव्हा तुमच्या हातून पेला सुटला. तेव्हाच मला शंका आली. दुकानातही तुम्हीच घेऊन गेलात, म्हणजे तिथेही मुका. आणि पडदा तर आत्यांनी कधीच बंद करून टाकलेला. बघणाऱ्याला अंधार, ऐकणाऱ्याला शांतता, आणि दोघांनी मिळून त्याला मारून टाकलं."

त्यांनी ओळख पुसली. दादांनी कानाला हात लावला, वाट बघितली.

"गेली," ते म्हणाले. "गेली ती बाई." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचा चेहरा कधी वाकडा झाला ते त्यांनाही कळलं नाही. आत्या चाचपडत उठल्या, ट्रंकेवर त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी भावाच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला.

"दोन दिवस! दोन दिवस एकट्याने सहन केलंस, आणि एकटं राहू नकोस म्हणून सांगायला मला आलास?"

"काय सांगणार होतो मी तुला?"

"जे ऐकू येत होतं ते! मी पहिल्या मिनिटाला ओळखलं असतं, गाढवा. माझीच बाई आहे ती."

मास्तर उगाचच खोक्याची सुतळी सोडायला लागले. चित्रकलेच्या माणसाला गाठ मारता येते, सोडवता येत नाही, त्यामुळे तिथे बराच वेळ गेला.

"पण शब्दाचं काय?" थोड्या वेळाने आत्याच म्हणाल्या. शब्दाच्या बाबतीत त्या स्वतःलाही सूट देणाऱ्या नव्हत्या. "बाहेरून माणूस बोलवावा लागलाच की. एकटीने कुठे निभावलं?"

हॅलोताईंनी पिशवी खांद्याला लावली. "मला फोन कुणी केला, आत्या?"

"मी."

"सगळ्यांनी पाणी सोडल्यावर. आणि तो गरम आहे हे कुणी सांगितलं? डोळे असलेल्या दोघांनी बघून सांगितलं की मेला. दुकानदार आणि तुमचे भाऊ. मी बावीस वर्षं तक्रारी ऐकल्या. काय झालं ते न सांगता जे हाताला लागलं तेच सांगणारी माणसं मला बोटावर मोजण्याइतकी भेटली. निभावणं म्हणजे आणखी काय असतं, ते मला माहीत नाही."

आत्या दादांकडे वळल्या. "तू सांग. शब्द तुला दिलाय. मोडला की नाही?"

दादांनी चष्मा काढून पुसला. मोजणी करताना एखादा आकडा चुकला की ते कागद फाडून पहिल्यापासून मोजायचे, अशी त्यांची ख्याती होती. आता ते खोलीभर नजर फिरवत होते. खिडकी, टेबल, पेडल, भिंतीला धरून आत्या चालायच्या ती वाट. हे सगळं दोन दिवस त्यांना दिसलंच नव्हतं.

खाली हॉर्न वाजला. टेम्पो ठरल्या वेळेच्या बराच आधी आला होता. ड्रायव्हर वर तोंड करून ओरडत होता, सामान कुठलं आणि बाई कुठल्या म्हणून.

दादा खिडकीशी गेले. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते नेहमीच जरा मोठ्याने बोलत, पण आत्ता ते बोलले ते समोरच्या इमारतीपर्यंत पोचलं.

"काही न्यायचं नाही! माझी बहीण इथेच राहते!"

ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला आणि त्याने गाडी वळवली. आत्यांनी खुर्ची पुढे ओढली, पेडलवर पाय ठेवला आणि अर्धवट राहिलेली मुलाखत पुढे टाइप करायला घेतली.